आमचा ओटा आणि वरच्या पाड्याचं पाणी

शिलाईच्या दुकानात चिंध्या कशा साठतात हे टेलरला विचारा. कोणी आणून टाकत नाही, तरी संध्याकाळी झाडू हातात घेतला की मशीनखालून हा एवढा ढीग निघतो! किश्श्यांचंही तसंच आहे. जव्हारच्या एसटी स्टँडजवळ माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे, दुकानाला ओटा आहे, आणि दिवस कलला की त्या ओट्यावर माणसं येऊन बसतात. किस्से साठायला आणखी काय लागतं?

ओट्यावरचे मेंबर आधी सांगते. रफिकभाई गादीवाले, तीन पिढ्यांपासून कापूस पिंजणारं घर. बोलतात कमी, पण बोलले की समोरच्याने गप्प बसावं. दुसरा दिनेश, मंडप आणि साउंड सर्व्हिसवाला. तो साधं ‘चहा सांगा’ म्हणाला तरी माइकवर बोलल्यासारखं वाटतं. तिसरा बबन, खोडाळ्याचा, टँकरचा ड्रायव्हर. आणि चौथी मी. सगळे मला ताई म्हणतात आणि माझं कोणीही ऐकत नाही.

आमच्या मंडळाला नाव नाही, रजिस्ट्रेशन नाही, अध्यक्ष नाही. दिनेशला अध्यक्ष व्हायचं होतं, पण बाकी कोणी सदस्य व्हायला तयार झालं नाही!

काम मात्र ठरलेलं आहे. सूर्यमाळच्या बाजूला, डांबर संपल्यावर आणखी वर एक पाडा आहे. पावसाळ्यात तिथं छत्री उघडणं म्हणजे चेष्टाच, इतका पाऊस. आणि मार्च उलटला की विहिरीचा तळ दिसतो. मग बायांना खाली दरीत झिऱ्यावर उतरावं लागतं. खडकातून पाझरणारं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरायचं आणि तो भरलेला हंडा डोक्यावर घेऊन तोच डोंगर चढायचा. त्या पाड्यावर उन्हाळाभर टँकर पोचवायचा, एवढंच आमचं काम. टँकर पोचला तर त्या दिवशी बाया दरीत उतरत नाहीत. नाही पोचला तर उतरतात. बाकी कपडे, रजया, रक्तदान वगैरे आम्ही अधूनमधून करतो, पण जीव अडकलेला असतो तो टँकरमध्ये.

*

कुठल्याही चांगल्या कामाची सुरुवात फ्लेक्सपासून होते, असं दिनेशचं ठाम मत होतं. पहिल्या वर्षी त्याने कोणाला न विचारता भलामोठा फ्लेक्स छापून आणला. त्यावर आमची सगळ्यांची तोंडं! रफिकभाई कोणाशी तरी भांडत असल्यासारखे, बबन झोपेतून उठल्यासारखा, आणि माझा फोटो कुठल्या तरी लग्नातला. माझा एक गाल फुगलेला, कारण आत गुलाबजाम होता.

“फाडून टाक तो!” मी म्हटलं.

“ताई, लोकांना कळायला नको का कोण करतंय?”

फ्लेक्स टँकरला बांधून वर गेला आणि पाड्यावरच राहिला. पावसाळा संपल्यावर आम्ही सहज गेलो, तर तो काशीबाईच्या घरावर! काशीबाई म्हणजे त्या पाड्याचा आवाज. तिने आमचा फ्लेक्स कौलांवर पसरून कडेने दगड ठेवले होते. आमची सगळ्यांची तोंडं आभाळाकडे बघत होती.

“लय चांगलं कापड हाय तुमचं,” काशीबाई खूश होऊन म्हणाली. “सगळ्या पावसात घरात ठिपका नाय गळला. ह्या दिनेशचं तोंड तेवढं वाऱ्यानं फाटलं.”

दिनेशचा चेहरा बघण्यासारखा झाला.

“आन यंदा कधी काढनार फोटो?” ती पुढे म्हणाली. “आमचा गोठा राहिलाय!”

रफिकभाई परतीच्या वाटेवर एकदाच बोलले. “चलो, हमारे मुँह किसी काम तो आए!”

त्या वर्षीपासून दिनेश दर पावसाळ्याआधी जुने फ्लेक्स गोळा करतो. निवडणुकीचे, वाढदिवसाचे, क्लासेसचे. सध्या त्या पाड्यावर इतके पुढारी कौलांवर आडवे पडलेत की मोजता यायचे नाहीत, आणि घरं कोरडी आहेत.

*

एकदा मुंबईहून कुठल्या तरी सोसायटीने कपड्यांची पोती पाठवली. टेम्पो भरून! मी आनंदाने पहिलं पोतं सोडलं आणि डोकंच फिरलं. लग्नातले लेहेंगे, टाय, कोट आणि एकाच पायाची उंच टाचेची चप्पल. शर्टांची बटणं काढून घेतलेली! अरे, शर्ट देताय आणि बटणं ठेवून घेताय? त्या बटणांचं काय लोणचं घालणार आहात? मी दुकानातली सगळी कामं बाजूला सारून बटणं लावत बसले आणि लावता लावता मुंबईला मनसोक्त शिव्या दिल्या.

पाड्यावर नेऊन सगळं मांडलं. बाया आल्या, गडी आले. प्रत्येकाने उलटंपालटं करून बघितलं आणि एक-एक कपडा उचलला. एकच! ढीग होता तसाच.

“काशीबाई, घ्या की अजून,” मी म्हटलं. “तुमच्यासाठीच आणलंय.”

“घेतला ना. हा अंगावरचा धुतला का हा घालायचा.”

“अहो पण एवढे उरलेत!”

“उरलेत तं खालच्या पाड्याला न्या,” ती म्हणाली. “तठं बी मानसंच ऱ्हातात.”

माझ्या दुकानात बायका ब्लाउज शिवायला येतात आणि कपाट उघडलं की अंगावर कपडे पडतात म्हणून तक्रार करतात. मी त्या ढिगाकडे आणि काशीबाईच्या हातातल्या त्या एका साडीकडे बघत राहिले.

उरलेल्या ढिगातला एक कोट पोशेऱ्याच्या धर्माने घेतला. धर्मा मजुरी करणारा माणूस. पाऊस संपला की ठाण्याला बांधकामावर जातो, पावसाआधी परत येतो. कोट चांगला काळाभोर, खिशावर सोनेरी बटण. आम्हाला वाटलं, लग्नाकार्यात घालेल.

पुढे भाद्रपदात एसटीचा कंडक्टर ओट्यावर येऊन तणतणायला लागला. “तुमच्या त्या कोटाने माझी इज्जत घालवली!”

झालं होतं असं की धर्माने तो कोट नागलीच्या शेतातल्या बुजगावण्याला घातला होता. शेत रस्त्याच्या वळणावर. धुक्यात ड्रायव्हरला दिसला कोटवाला साहेब, एक हात लांब केलेला. त्याने करकचून ब्रेक मारला. कंडक्टरने दार उघडलं आणि घंटेची दोरी हातात धरून अदबीने म्हणाला, “चला साहेब, चढा लवकर!”

साहेब काही चढेनात. गाडीतली माणसं हसून हसून आडवी.

आम्ही धर्माला विचारलं, “अरे, स्वतः का नाही घातलास?”

“मी घालून उभा ऱ्हायलो आस्तो तं थांबली आस्ती का यष्टी?” धर्मा म्हणाला.

*

सूर्यमाळची थंडी ज्याने अंगावर घेतली त्यालाच ठाऊक. एका थंडीत रफिकभाईंनी ठरवलं, पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना रजया द्यायच्या. विकत आणलेल्या पातळ ब्लँकेटवर त्यांचा राग. “वो ब्लँकेट नहीं, रुमाल है!” म्हणून स्वतः कापूस पिंजून, स्वतः टाके घालून त्यांनी रजया शिवल्या. टाके बघायला मी मुद्दाम त्यांच्या दुकानात गेले होते. मी टेलर आहे, सहजासहजी कोणाच्या हाताचं कौतुक करत नाही. पण ते टाके मी बोट फिरवून फिरवून बघितले.

त्यातली सगळ्यात जाड रजई काशीबाईच्या सासूला दिली. म्हातारी अगदी वाळलेली, खोकत असायची.

काही दिवसांनी रफिकभाई काहीतरी निमित्त काढून वर गेले. त्यांना बघायचं होतं रजई उबदार आहे का. घरात शिरले तर म्हातारी चुलीपाशी फाटकं लुगडं पांघरून बसलेली. रजई कुठे आहे? रजई कोपऱ्यात, आणि रजईत शेळी! ऐटीत पाय मुडपून बसलेली, गळ्यापर्यंत पांघरलेली.

रफिकभाईंना राग यायला हवा होता. इतक्या मेहनतीचं काम ते! पण त्यांनी नुसतं विचारलं, “अम्मा, ये क्या?”

“गाभण हाय ती,” म्हातारी म्हणाली. “मना चूल हाय. तिला काय हाय?”

रफिकभाईंनी हा किस्सा ओट्यावर सांगितला.

पुढच्या थंडीत रफिकभाई दोन रजया घेऊन गेले. एक मोठी आणि एक छोटी. छोटीला चारी कोपऱ्यांना नाड्या होत्या, शेळीच्या पोटाखालून बांधायला. माप कुठून घेतलंत म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, “ताई, ग्राहक का नाप हम किसी को नहीं बताते.”

*

काशीबाईला धंदा शिकवावा असं मला एका उन्हाळ्यात वाटलं. करवंदं तिच्याकडे डोंगरभर, आणि खोडाळ्याच्या बाजाराला हल्ली फिरायला येणारी शहरातली माणसंही येतात. मी तिला सगळं समजावलं. द्रोण नीट भरायचा, वर दोन पानं ठेवायची, हसून बोलायचं, भाव आधी चढा सांगायचा. ती मन लावून ऐकत होती.

बाजाराच्या दिवशी मी तिच्या शेजारी जाऊन बसले. आणि काय सांगू, काशीबाईच्या करवंदांवर माणसं तुटून पडली! माझी सगळी शिकवण तिने बाजूला ठेवली होती. भाव एकच, आणि द्रोण भरला की वर आणखी एक मूठ. माझ्या डोक्यात तोपर्यंत पुढच्या योजना सुरू. करवंदांचं सरबत, लोणचं, बाटल्या, लेबलं!

टोपली निम्मी झाली आणि काशीबाईने तिच्यावर फडकं टाकलं.

“काय झालं?” मी विचारलं.

“पुरे.”

“अहो, गिऱ्हाईक उभं आहे समोर! अजून निम्मी टोपली आहे!”

तिने हनुवटीने शेजारी खूण केली. शेजारी दुसऱ्या पाड्यावरची एक बाई करवंदंच घेऊन बसली होती. तिच्या टोपलीला हात लागला नव्हता.

“तिचं व्हयाचंय आजून,” काशीबाई म्हणाली आणि समोरच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, “तिच्याकडं घ्या. गोड हायेत.”

शेजारणीची टोपली निम्मी होईपर्यंत काशीबाई टोपली झाकून स्वस्थ बसून राहिली. मग दोघींची विक्री बरोबरच सुरू झाली! सगळा बाजार असा चालला तर कॉलेजातल्या मार्केटिंगच्या पुस्तकांचं काय करायचं, हा प्रश्न मला पडला.

माझ्या दुकानासमोर दुसरं लेडीज टेलरिंग आहे. त्या बाईशी मी कित्येक वर्षं बोलत नाही आणि बोलणारही नाही. मी काशीबाई नाही. पण त्या दिवशी खोडाळ्याहून येताना तिच्या दुकानाकडे एकदा बघितलं, एवढं कबूल करते.

*

रक्तदान शिबिराची कल्पना दिनेशची. शाळेच्या हॉलमध्ये खाटा मांडल्या, बाहेर मोठे स्पीकर लावले आणि सकाळपासून देशभक्तीची गाणी. दुकानदार आले, मास्तर आले. पोशेऱ्याहून धर्माही आला. खाटेवर झोपला, बाही वर केली आणि सुई टोचायच्या आधी विचारलं, “कोनाला देनार?”

सिस्टर म्हणाली, “ज्याला गरज असेल त्याला.”

“ते झालं. पन नाव काय त्याचं?”

“नाव आत्ता कसं सांगणार? कोणीही असेल.”

धर्माला हे काही पटेना. आपल्या अंगातलं रक्त कोणाच्या अंगात जाणार हे माहीत नको? शेवटी दिनेशने मध्ये पडून सांगितलं, “अरे, असेल आपल्यासारखाच एक माणूस. आजारी आहे बिचारा.” मग धर्माने हात पुढे केला.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी धर्मा ओट्यावर हजर. “माझा मानूस कसा हाय?”

“कोण माणूस?”

“ज्याला रगत दिलं तो!”

दिनेशने काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण धर्मा पुन्हा आला, पुन्हा आला. कधी दोन काकड्या घेऊन, कधी भोपळा घेऊन. “त्याला द्या. अंगात ताकद येल.” भोपळा आम्ही दवाखान्यात ज्या खाटेवरचा माणूस सगळ्यात अशक्त दिसला त्याच्या बायकोला दिला. तीही गोंधळली, पण तिने घेतला.

अखेर धर्माची ठाण्याला जायची वेळ आली. निरोप घ्यायला आला तेव्हा काळजीने त्याचं तोंड उतरलेलं. आता मागे विचारपूस कोण करणार? दिनेशला राहवेना. म्हणाला, “धर्मा, तुझा माणूस बरा झाला रे! चालत घरी गेला!”

धर्माचा चेहरा असा फुलला, की खोटं बोलल्याचं दिनेशला जन्मात वाईट वाटणार नाही.

धर्मा पिशवी खांद्याला लावून निघाला. चार पावलं जाऊन मागे वळला.

“दिनेशभाऊ, भेटला तं सांगा त्याला. रगत माझं हाय. दारू पिऊ नको म्हनावं!”

*

आता बबन. बबन तोंडाचा फाटका, पण टँकरच्या बाबतीत भलताच कडक. टँकर भरला की त्याला कोणी हात लावायचा नाही. वाटेत कोणी तांब्याभर पाणी मागितलं तर स्वतःच्या बाटलीतलं देतो, टँकरची तोटी उघडत नाही.

एका वर्षी रमजान ऐन उन्हाळ्यात आला होता. त्या फेरीला बबनबरोबर केबिनमध्ये रफिकभाई होते. रोजा होता, म्हणून मी म्हटलं नका जाऊ, तर म्हणाले, घरी बसून तहान जास्त लागते. सूर्यमाळच्या चढाला निम्म्या वाटेत गाडी तापली. बॉनेट उघडलं तर वाफेचा लोट! रेडिएटरमध्ये पाण्याचा थेंब नाही. बबनची बाटली त्याने आधीच एका गुराख्याला दिलेली. रफिकभाईंकडे बाटली असण्याचा प्रश्नच नव्हता.

मागे टँकर काठोकाठ भरलेला!

“निकाल ना थोडा,” रफिकभाई म्हणाले. “बाल्टीभर से क्या होगा?”

“नाय,” बबन म्हणाला. “ते पाड्याचं हाय. आमी नुसते आननारे.”

आणि हा पठ्ठ्या डबा घेऊन निघाला उन्हातून, खालच्या वस्तीकडे, पाणी मागायला. रफिकभाई गाडीच्या सावलीत बसून राहिले. पाठीमागे पाण्याने भरलेलं भांडं, आत पाणी डचमळल्याचा आवाज, आणि ओठ कोरडे. किती तरी वेळाने बबन डबा घेऊन चढ चढत आला. घामाने निथळत होता, पण डब्यातला थेंब सांडला नव्हता.

रेडिएटरमध्ये पाणी ओतत तो रफिकभाईंना म्हणाला, “भाई, तुमच्या संगतीनं माझ्या गाडीनंबी रोजा धरला!”

टँकर पाड्यावर पोचला. त्या दिवशी एकही बाई दरीत उतरली नाही.

*

आणि हा आता सांगते तो शेवटचा किस्सा.

गेल्या उन्हाळ्यात मोठा टँकर गॅरेजला अडकला. धावाधाव करून एक लहान टँकर मिळाला. तेवढ्या पाण्यात सगळ्या पाड्याचं भागणार नाही हे बबनला आणि मला भरतानाच कळलं होतं, पण काहीच न नेण्यापेक्षा बरं म्हणून निघालो.

मी बरोबर निघाले त्याला दुसरंही कारण होतं. पाड्यावरची सकू बाळंतपणासाठी जव्हारच्या दवाखान्यात होती. पोरसवदा बाई, पहिलं बाळंतपण. बाळ नीट जन्मलं, पण सकूच्या अंगातलं रक्त फार गेलं. नवरा तिच्या उशाशी. निघण्याआधी मी डोकावले. सकूला रक्त चढत होतं आणि हाक मारली तरी ती डोळे उघडत नव्हती. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “आजचा दिवस जाऊ द्या, मग सांगतो.” पाड्यावर फोन लागत नाही. तेव्हा हा निरोप मलाच सांगायचा होता.

टँकर जांभळाच्या झाडापाशी थांबला. हंडे रांगेत लावलेले होते आणि बाया सावलीत बसल्या होत्या. हे नेहमीचंच. आपला हंडा लायनीत ठेवायचा आणि बाजूला बसायचं. सगळे हंडे सारखेच चेपलेले, पण कोणता कोणाचा हे त्यांना लांबूनही कळतं.

सगळ्यांनी एकदमच विचारलं, “सकू कशी हाय?”

मी होतं ते सांगितलं. काशीबाई म्हणाली, “बरं. पानी सोडा.”

पाइप माझ्या हातात होता. एकेक हंडा भरत मी पुढे सरकत होते आणि मनात हिशोब चालू होता. लायनीच्या अगदी टोकाला येसूचा हंडा होता. येसू एकटी राहणारी बाई, नवरा नाही, मूलबाळ नाही. तिच्यापर्यंत पाणी पोचणार नाही हे मला दिसत होतं. मधेच एका हंड्यापाशी कोणी उठून आलं नाही.

“हा कोणाचा?” मी विचारलं.

“सकूचा. आमीच आनून लावलाय,” कोणीतरी म्हणालं.

मी पाइप दुमडून धरला, दुसऱ्या हाताने सकूचा हंडा उचलला आणि बाजूच्या दगडावर ठेवला. सरळ हिशोब होता. ती इथे नाही, तिचा नवरा इथे नाही, घराला कडी. तेवढंच पाणी येसूला मिळेल.

सगळ्या बाया उभ्या राहिल्या. एकदम. बबन केबिनमधून उडी टाकून खाली आला. “ताई! ठेवा तो! आधी जागेवर ठेवा!”

मला काही कळेना. लायनीच्या टोकाहून येसू चालत आली, तिने दगडावरचा हंडा उचलला आणि होता तिथे, होता तसा ठेवला. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, “ताई, आमच्यात हंडा लायनीतून काढीत नाय. बाई गेली का मंगच काढत्यात.”

तरी मी बोलले, “येसू, अगं पाणी कमी आहे. तुझा हंडा शेवटचा. तुला मिळायचं नाही.”

“नाय मिळालं तं नाय मिळालं.”

“तिच्या घरात पाणी प्यायलाही कोणी नाही आज.”

“येल ना ती,” येसू म्हणाली. “लेकरू घेऊन येल. आल्या आल्या पानी नको का तिला?”

मी पाइप सोडला. सकूचा हंडा काठोकाठ भरला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. येसूच्या हंड्याशी पोचले आणि पाइपमधून फस्सकन हवा आली. तळ ओला झाला, तेवढंच. बबनने टँकरवर हात मारून बघितला, तो पोकळ वाजला.

काशीबाई आपल्या हंड्यातलं पाणी घेऊन पुढे आली. येसूने तिचा हात धरला. “तुझ्या घरात म्हातारी हाय. मी एकटी. मना किती लागतं?”

तिने चुंबळ नीट केली, सकूचा भरलेला हंडा डोक्यावर घेतला, आपला रिकामा कमरेला लावला आणि सकूच्या घराकडे गेली. मी तिच्या मागे गेले. तिने कडी काढली, चुलीजवळ हंडा ठेवला, वर थाळी झाकली आणि दार पुन्हा लावून घेतलं.

मग आपला रिकामा हंडा घेऊन ती दरीच्या वाटेने खाली उतरायला लागली.